बत्तीस अक्षरांचा पत्ता

२०१६ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. आमच्या तिरोड्याकडे तेव्हा धानाच्या रोवणीची धांदल चालू होती. या दिवसांत आमच्या कॉलेजात येणाऱ्या मुलामुलींच्या पायांवर गुडघ्यापर्यंत वाळलेल्या चिखलाचे पट्टे असतात. पहाटे बांधीत उतरायचे, अकराच्या सुमारास सायकल हाणीत कॉलेज गाठायचे, अर्ज द्यायचा आणि परत रोवणीला पळायचे, असा त्यांचा कार्यक्रम. अर्धा दिवस खिडकीशी मोडला तर घरातली अर्धी रोजी बुडते. आम्ही पंख्याखाली बसणारी माणसे हे सोयीस्करपणे विसरतो.

तो प्रवेशाचा शेवटचा दिवस होता, आणि कचेरीतला संगणक एकेका नावाला चार-चार, पाच-पाच मिनिटे घेत होता. खिडकीपासून निघालेली रांग फाटकाबाहेर गेली होती. आमचे बडे बाबू पडद्याकडे टक लावून बसले होते. त्यांच्या मागे मी, प्रवेश समितीचा चिटणीस, उगाचच येरझारा घालीत होतो. मी मराठी शिकवतो. या समितीवर माझी नेमणूक "मराठीवाल्यांना काम काय असते?" या सनातन न्यायाने झाली होती.

खरी टोचणी वेगळीच होती. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मी माजी विद्यार्थ्यांच्या मागे लागून वर्गणी जमवली होती. यंत्र मंद चालते, त्याला जास्त मेमरी हवी, असे सगळेच म्हणत होते. जमलेल्या पैशांतून बडे बाबूंनी नागपूरहून मेमरीच्या पट्ट्या आणल्या. आधी यंत्रात दोन गिगाबाइट होती, ती काढून सोळा बसवली. आठपट म्हणजे काय थोडी झाली? पण यंत्राची चाल होती तीच राहिली. त्या दिवशी रांगेच्या आरडाओरड्यात कोणीतरी यंत्राच्या माहितीचे पान उघडले. त्यावर स्वच्छ लिहिले होते: बसवलेली मेमरी १६ गिगाबाइट, वापरता येण्याजोगी ३.२५.

म्हणजे पावणेतेरा गिगाबाइट गेली कुठे? कचेरीत कुजबुज सुरू झाली. नकली माल आणला. खऱ्या पट्ट्या वाटेतच बदलल्या. काहीतरी खाल्ले. हे शेवटचे वाक्य कोणी उघड बोलले नाही. पण आपल्याकडे असली वाक्ये न बोलताच जास्त ऐकू येतात. आणि मी, ज्याने पोरांकडून पैसे मागून आणले होते, त्याने काय केले? मी त्याच संध्याकाळी एक कागद घेतला आणि बडे बाबूंना लेखी खुलासा मागितला. "सदर खरेदीबाबत समाधानकारक स्पष्टीकरण सादर करावे." मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे भाषा निर्दोष होती.

बाबूंनी कागद वाचला, त्यावर स्वतःच्याच हाताने जावक क्रमांक घातला, प्रत फायलीला लावली आणि दुकानाची पावती माझ्यापुढे ठेवली. बोलले काहीच नाहीत.

रात्री मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. वर्गणी देणाऱ्यांत तो होता. पुण्यात डेटाबेस सांभाळण्याचे काम करतो. मी सारी हकिकत सांगितली, ३.२५ चा आकडा सांगितला. तो हसला नाही, हे त्याचे मोठेपण. म्हणाला, "सर, पट्ट्या खऱ्या आहेत. बाबूंनी काही केलं नाही. यंत्राला पत्ता लिहायला जागाच पुरत नाही."

ते एक वाक्य कळायला मला पुढचे दोन तास लागले. वाचकांना तेवढे लागू नयेत, म्हणून मी ते माझ्या पद्धतीने सांगतो.

आपल्या पिनकोडचेच पाहा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो देशात सुरू झाला. त्याची कल्पना टपाल-तार खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. हे गृहस्थ संस्कृतचे मोठे पंडित आणि कवी. तिरोड्याचा पिन ४४१९११. सहा आकडे, प्रत्येक घरात शून्य ते नऊ. म्हणजे फार तर दहा लाख वेगवेगळे क्रमांक. उद्या देशात बारा लाख टपाल कचेऱ्या उघडल्या, तर उरलेल्या दोन लाखांचे काय? इमारत असेल, पोस्टमास्तर असेल, शिक्काही असेल. पण क्रमांक नाही, म्हणून पत्र पोचणार नाही. दोष इमारतीत नाही, पत्त्याच्या घरांत आहे.

संगणकाची मेमरी म्हणजे अशाच खणांची प्रचंड मोठी भिंत. प्रत्येक खणाला क्रमांक. फरक एवढाच, की यंत्राच्या आकड्यांत दहा चिन्हे नसतात, दोनच असतात: शून्य आणि एक. त्यातल्या एकेका घराला बिट म्हणतात.

आणि दोन चिन्हांचा हिशेब म्हटल्यावर मी एकदम माझ्या अंगणात आलो. लघु आणि गुरू! छंदःशास्त्रकार पिंगलाने हाच प्रश्न घातला होता. चरणात अमुक अक्षरे आहेत, प्रत्येक अक्षर लघु तरी किंवा गुरू तरी. तर एकंदर मांडण्या किती? त्या सगळ्या ओळीने लिहून काढण्याला 'प्रस्तार' म्हणतात. उत्तर सोपे आहे: एक अक्षर वाढले की मांडण्या दुप्पट. 'मनाचे श्लोक' ज्या भुजंगप्रयातात आहेत, त्याच्या चरणात बारा अक्षरे. बारा अक्षरांच्या मांडण्या ४,०९६, त्यांतली एक म्हणजे भुजंगप्रयात. इंद्रवज्रेची अकरा अक्षरे, मांडण्या २,०४८. हे आकडे आमच्या जुन्या छंदोग्रंथांत दिलेलेच आहेत.

आता अनुष्टुभ छंद घ्या. आठ-आठ अक्षरांचे चार चरण, एकूण बत्तीस अक्षरे. छंदाचे नियम बाजूला ठेवून बत्तीसही अक्षरे मोकळी सोडली, तर मांडण्या होतात ४,२९,४९,६७,२९६. संगणकाच्या बोलीत हेच चार गिगाबाइट. आमच्या कचेरीतली ऑपरेटिंग सिस्टिम बत्तीस-बिटी होती. तिच्या पत्त्यात बत्तीसच अक्षरे मावत. सोळा गिगाबाइट बसवा नाही तर सोळाशे, चार गिगाबाइटांच्या पलीकडच्या खणांना हाक मारायला तिच्याजवळ अक्षरेच नव्हती.

मग चार तरी मिळावीत, ३.२५ का? याचेही कारण मजेशीर आहे. क्रमांक फक्त मेमरीलाच द्यावे लागत नाहीत. पडद्याचे चित्र काढणारा भाग, नेटवर्कचा भाग, असल्या सोबत्यांनाही त्याच चार अब्जांतले क्रमांक राखून ठेवतात. पंगतीला शंभर पाने मांडली आणि पंधरा-वीस आधीच आचारी-वाढप्यांसाठी राखली, तसे.

पण डेटाबेसला एवढी मेमरी हवीच कशाला? हे मला बाबूंच्या टेबलावरून कळले. रोज लागणारी रजिस्टरे बाबू टेबलावर ठेवतात; बाकीची मागच्या खोलीत, कपाटांत. टेबलावरचे रजिस्टर उघडायला क्षण लागतो. कपाटातले हवे असेल तर किल्ली शोधा, धूळ झटका, गठ्ठा सोडा. डेटाबेस सर्व्हरचे टेबल म्हणजे मेमरी आणि कपाट म्हणजे हार्ड डिस्क. फिरत्या तबकडीच्या डिस्कवरून एखादी नोंद हुडकायला मेमरीपेक्षा ढोबळ मानाने लाखपट वेळ जातो. टेबलावरच्या कागदाला एक सेकंद धरला, तर कपाटातल्या कागदाला सुमारे अठ्ठावीस तास! आमच्या यंत्रात विद्यार्थ्यांचे फोटो आणि दाखल्यांच्या प्रती मिळून नऊ-दहा गिगाबाइटांचा पसारा झाला होता. टेबल होते तीन गिगाबाइटांचे, आणि तेही सगळे डेटाबेसचे नव्हे. बत्तीस-बिटी विंडोजमध्ये सामान्यतः चार गिगाबाइट पत्त्यांतले अर्धे ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःकडे ठेवते आणि प्रत्येक प्रोग्रामच्या वाट्याला दोनच येतात. फाटकापर्यंत गेलेली ती रांग कपाटाच्या किल्लीसाठी उभी होती म्हणायची.

माझ्या विद्यार्थ्याने एक गोष्ट मात्र बजावली. मेमरी म्हणजे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. प्रश्नच वेड्यासारखा विचारला, अनुक्रमणिकाच केली नाही, तर वाटेल तेवढी मेमरी ओता, यंत्र रखडणारच.

पुढे मला या विषयाचे वेडच लागले. प्रत्येक पिढीने आपापल्या पत्त्याची अक्षरे मोजून "आता हे पुरे" म्हटलेले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी बांधलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली पूर्ण झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ते नाव दिले. त्याच्या मेमरीत २,०४८ शब्द मावत, प्रत्येक शब्द चाळीस बिटांचा. २,०४८ म्हणजे इंद्रवज्रेचा प्रस्तार, अकरा अक्षरांचा पत्ता! आजच्या हिशेबाने ती मेमरी भरते दहा किलोबाइट. मोबाइलवर आलेला सुप्रभातचा एक फोटोसुद्धा तीत बसायचा नाही. पण त्या दहा किलोबाइटांवर आपल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे गणिते सोडवली. माझ्या मनात या यंत्राविषयी अपार आदर आहे.

अमेरिकेत आयबीएमने १९६४ साली सिस्टिम ३६० आणली, तिच्या पत्त्यात चोवीस अक्षरे होती. मांडण्या १,६७,७७,२१६, म्हणजे सोळा मेगाबाइट. त्या काळी एवढी मेमरी घेणार कोण? पण वीस वर्षांच्या आतच तिला वाढवून एकतीस अक्षरांवर न्यावे लागले. दुसरी एक कंपनी, डिजिटल इक्विपमेंट. तिच्या पीडीपी-११ या नामांकित यंत्राचा पत्ता सोळा अक्षरी, ६५,५३६ खणांचा. तिचे मुख्य रचनाकार गॉर्डन बेल यांनी पुढे प्रांजळपणे कबूल केले, की संगणकाच्या आराखड्यातल्या बाकीच्या चुका निभावून नेता येतात, पण पत्त्याची अक्षरे कमी ठेवण्याच्या चुकीतून सावरणे महाकठीण. म्हणून त्यांनी १९७७ साली जे नवे बत्तीस-बिटी यंत्र काढले, त्याच्या नावातच पत्ता वाढवल्याची द्वाही फिरवली. ते यंत्र 'व्हॅक्स'.

आणि हे व्हॅक्स आपल्या घरचेच निघाले! गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस तिरोड्याला थांबते. मुंबईला जायचे तर आम्ही हीच गाडी धरतो. पूर्वी हिच्यासारख्या गाड्यांचे आरक्षण जाडजूड वह्यांत होई. अमुक गाडीची वही अमुक खिडकीवर, त्यामुळे एका कामाला दोन रांगा. १९८० च्या दशकाच्या मध्यावर रेल्वेने दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू केले ते व्हॅक्स यंत्रांवरच. मग मुंबई, कलकत्ता, मद्रास, सिकंदराबाद अशी केंद्रे झाली आणि १९९९ पर्यंत पाचही एकमेकांना जोडली गेली. गाड्या वाढल्या, माणसे वाढली, तशी व्हॅक्स जाऊन चौसष्ट-बिटी अल्फा आली आणि नंतर आयटेनियम. तीन जातींचे प्रोसेसर, तिघांची बोली वेगळी. पण वर चालणारी व्यवस्था तीच राखून सगळा संसार एका घरातून दुसऱ्या घरात हलवला. मधल्या काळात खिडकीवरच्या प्रवाशाला त्याचा पत्ताही लागला नाही. असल्या कामाचे पोवाडे कोणी गात नाही. गाडी चुकली की मात्र आपण रेल्वेला नावे ठेवतो.

सगळ्यांना असे घर बदलता आले नाही. ज्यांच्याजवळ इंटेलचे बत्तीस-बिटी प्रोसेसर होते, त्यांनी पळवाट काढली. १९९५ च्या पेंटियम प्रोपासून मेमरीचा पत्ता छत्तीस अक्षरांचा झाला. चौसष्ट गिगाबाइटांपर्यंत खण मोजता येऊ लागले. पण प्रोग्राम बिचारा बत्तीस अक्षरांतच बोलणार! त्याला एका वेळी चार गिगाबाइटांची एक खिडकीच दिसे. पलीकडचे पाहायचे तर खिडकी सरकवायची. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरने ही युक्ती बरीच वर्षे वापरली. मात्र अशी मिळवलेली मेमरी फक्त माहितीची पाने ठेवायलाच चाले, बाकीच्या कामांना नाही. २०१२ च्या आवृत्तीत त्यांनी ती सोय काढूनच टाकली. मोंगोडीबी नावाच्या डेटाबेसची गत याहून वाईट. तो सगळी माहिती पत्त्यांच्या पटावरच मांडी, म्हणून त्याच्या बत्तीस-बिटी आवृत्तीत सारा डेटाबेस मिळून दोन गिगाबाइटांच्या आसपासच मावे.

एप्रिल २००३ मध्ये एएमडीचा ऑप्टेरॉन आला. त्याने नेहमीच्या इंटेल घराण्याची बोली तशीच ठेवून पत्ता चौसष्ट बिटी केला, आणि साध्या दुकानात मिळणाऱ्या यंत्रांनाही वाट मोकळी झाली. चौसष्ट म्हणजे किती? बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे: पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. आमचा मुलूख धानाचा, म्हणून मी हिशेब तांदळात केला. अर्धा पट, म्हणजे बत्तीस घरे भरली की तांदूळ होतात शंभर टनांच्या आसपास. दहा ट्रकांत मावतील, तिरोड्याची एखादी राइस मिल तेवढे काढील. उरलेली बत्तीस घरे भरायला मात्र साऱ्या जगाचे कित्येक शतकांचे तांदळाचे पीक लागेल. बत्तीस-बिटी आणि चौसष्ट-बिटी यांत दुपटीचा फरक नाही, तो हा आहे. प्रोसेसरवाले तरी यातली सगळी घरे कुठे वापरतात? बहुतेकांनी अठ्ठेचाळीसच अक्षरे उघडली, त्यात २५६ टेराबाइट बसतात.

फुकट काही मिळत नाही म्हणा. पत्ता लांबला की तो लिहायला जागाही दुप्पट लागते. ज्या डेटाबेसमध्ये चिठ्ठ्याच चिठ्ठ्या, पत्तेच पत्ते, तो चौसष्ट-बिटीवर गेला की तीच माहिती ठेवायला जास्त मेमरी खातो.

आमच्या कचेरीचे काय झाले ते सांगायचे राहिले. प्रोसेसर मुळात चौसष्ट-बिटीच होता. त्याच्यावर बसवलेली ऑपरेटिंग सिस्टिम तेवढी जुनी. पुढच्या रविवारी माझा विद्यार्थी रात्रीच्या गाडीने आला. बाबूंनी आधीच सगळ्या माहितीची प्रत दोन ठिकाणी काढून ठेवली होती. शिवाय त्या वर्षीचे सर्व प्रवेश त्यांनी हाताने रजिस्टरात उतरवले होते, कोणी न सांगता. दुपारपर्यंत नवी ऑपरेटिंग सिस्टिम बसली. पडद्यावर सोळा गिगाबाइट दिसली. मी पेढे मागवायला निघालो, तर यंत्र तसेच रखडतेय! घर चौसष्ट-बिटी झाले होते, पण घरात राहणारा डेटाबेस सर्व्हर अजून बत्तीस-बिटीच होता. तो आपल्या दोन गिगाबाइटांच्या खोलीतून बाहेरच येईना. त्याचीही चौसष्ट-बिटी आवृत्ती घालावी लागली. त्यात संध्याकाळ झाली. मग कळले, की फीच्या पावत्या छापणारा पुरातन प्रोग्राम सोळा-बिटी आहे, आणि नव्या घरात त्याला मुळीच प्रवेश नाही. जुन्या छपाईयंत्रानेही मान फिरवली. पावत्या महिनाभर हाताने फाडल्या.

पण सोमवारी बाबूंनी पहिले नाव टाकले आणि बोट उचलायच्या आत नोंद पडद्यावर आली. बाबूंनी खात्री करण्यासाठी तेच नाव पुन्हा टाकले.

मी त्या दिवशी त्यांच्या टेबलाशी गेलो. काय बोलावे ते सुचेना. शेवटी म्हणालो, "बाबू, माझा तो कागद फायलीतून काढून फाडून टाका."

"फाडता येत नाही, सर," ते म्हणाले. "जावक क्रमांक पडला आहे त्याच्यावर."

मी स्टाफरूममध्ये जाऊन दुसरा कागद लिहिला. खरेदी चोख होती, माल अस्सल होता, शंका घेणाऱ्याचे अज्ञान होते, असे तीन ओळींत. भाषा या वेळी तेवढी निर्दोष झाली नाही. दोन ठिकाणी खाडाखोड होती. बाबूंनी तो सावकाश वाचला, आवक रजिस्टर ओढले, क्रमांक घातला आणि पहिल्या कागदाच्या मागे टाचला. मग चहावाल्या पोराला हाक मारून दोन चहा सांगितले.